कोर्लई : खाडीपल्याड राहिलेली बोली

अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या एस.टी.त बसलो आणि कोर्लईचं तिकीट मागितलं. कंडक्टरने माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "किल्ला का?" मी म्हटलं, "गाव." त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. कोर्लईला बाहेरून येणारा माणूस किल्ल्यासाठी येतो, फार तर दीपगृहासाठी. सकाळी येतो, चढतो, फोटो काढतो आणि जेवायला काशीदला निघून जातो. मी मात्र एक भाषा ऐकायला आलो होतो. जगाच्या पाठीवर हे एकच गाव ती बोलतं आणि बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

अलिबाग ते कोर्लई हे अंतर वीस-बावीस किलोमीटरच आहे. नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलीतून एकामागून एक सरकत जातात. डिसेंबर होता. वाड्यांत पाटाचं पाणी सोडलेलं होतं आणि ओल्या मातीचा वास खिडकीतून आत येत होता. रेवदंडा संपला की सावली एकदम सरते, बस साळावच्या पुलावर चढते आणि दोन्ही बाजूंना कुंडलिकेचं रुंद, गढूळ पात्र पसरतं. उजव्या हाताला नदीच्या मुखावर, समुद्रात शिरलेली एक काळपट डोंगराची धार दिसते. कोर्लईचा किल्ला त्या धारेवर आहे आणि गाव तिच्या मुळाशी.

हा पूल १९८६चा. त्याआधी रेवदंड्याहून पलीकडे जायचं तर तरीत बसावं लागे. भरती-ओहोटी पाहावी लागे आणि पावसाळ्यात खाडी फुगली की तर बंद. नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर असलेलं गाव शेकडो वर्षं दूर का राहिलं, हे त्या पुलावरून खाली पाहिल्यावर मला कळलं.

या नदीबद्दल थोडं सांगायला हवं. कुंडलिका उगम पावते सह्याद्रीत, भिऱ्याच्या बाजूला. तिच्यातलं बरंचसं पाणी मुळात तिचं नाहीच. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी डोंगर पोखरून भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं आणि वीज देऊन झाल्यावर कुंडलिकेत येतं. पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं पाणी असं उलट फिरून कोर्लईच्या पायाशी अरबी समुद्रात पडतं. कोलाड-रोह्यावरून येताना नदी गोडी असते. रोह्याच्या खाली भरतीचं पाणी आत येऊ लागतं आणि मुखाशी ती पुरती खारी होते. मुखावर वाळूचे पट्टे साचलेले आहेत. मोठ्या गलबताला आत शिरायचं तर वाट काढत यावं लागे, आणि ती वाट कोर्लईच्या डोंगराखालून, तोफेच्या टप्प्यातून जाई.

या डोंगराचं सारं महत्त्व त्या वाटेमुळे. त्याच्यावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती चौल बंदराची किल्ली.

आणि चौल म्हणजे तरी काय! आज तिथे वाड्या, देवळं, तळी आणि शांतता आहे. चौलला तीनशे साठ देवळं आणि तितकीच तळी होती, असं लोक अजून सांगतात. पण टॉलेमीच्या आणि 'पेरिप्लस'च्या काळापासून परदेशी खलाशांना हे बंदर माहीत होतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मसूदी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे.

पोर्तुगिजांचा आणि या खाडीचा संबंध रक्ताने सुरू झाला. मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराने पोर्तुगीज जहाजांना चौलच्या खाडीत गाठलं. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मैदाचा मुलगा लोरेन्सू त्या लढाईत मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. १५२१मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने पोर्तुगिजांना रेवदंड्याला कोट बांधायची परवानगी दिली, आणि नदीच्या उत्तर तीरावर चर्च, मठ, वखारी यांचं एक शहर उभं राहिलं. १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशाहाने त्याला वेढा घातला, पण ते पडलं नाही.

तोवर दक्षिणेचा डोंगर तसाच मोकळा होता. १५९४मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने त्यावर किल्ला बांधायला घेतला आणि समोरच्या चौलवर तोफा रोखल्या. पोर्तुगिजांना हे सोसण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांनी वसई-साष्टीहून कुमक आणून डोंगर जिंकला. त्यांच्या कागदांत त्याचं नाव 'मोरू द चौल', म्हणजे चौलचा डोंगर. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तो त्यांच्याकडे राहिला. १६८३मध्ये संभाजीराजांच्या फौजा चौलवर चालून आल्या तेव्हाही तो टिकला. १७३९मध्ये वसई पडल्यावर मात्र उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. चिमाजी आप्पांनी सुभानराव माणकरांना इकडे धाडलं होतं. १७४०च्या तहाने चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली.

सनावळ्या एवढ्या पुरेत. किल्ल्यावर गेल्याशिवाय त्या अंगी लागत नाहीत.

वर जायचं तर आधी कोळीवाड्यातून जावं लागतं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला घरं, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता. बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकलेले, खाली जाळ्यावर जवळा पसरलेला, आणि त्या साऱ्याचा खारट वास कपड्यांत मुरणारा. वस्ती संपली की डोंगराच्या पश्चिम अंगाला, अगदी पाण्याच्या वर, १९५५ साली बांधलेलं दीपगृह आहे. त्याच्या मागून किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात. चढ छातीवरचा, पण मोठा नाही. अर्ध्या तासात मी तटाच्या आत होतो.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अरुंदपणाची. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरात या किल्ल्याची मापं दिली आहेत: लांबी २,८२८ फूट आणि सरासरी रुंदी ८९ फूट. आकडे वाचताना काही वाटत नाही. तिथे उभं राहिलं की एका नजरेत दोन्ही तट दिसतात आणि दोन्ही तटांपलीकडे पाणी दिसतं. आडव्या भिंतींनी किल्ल्याचे भाग पाडले आहेत आणि एका दरवाजातून दुसऱ्यात असं आपण डोंगराच्या कण्यावरून चालत राहतो. बुरुजांना पोर्तुगिजांनी आपल्या संतांची नावं दिली होती. मराठ्यांनी आल्यावर सान दिएगोचा पुस्ती बुरुज केला आणि सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरुज. आत एका चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंती उभ्या आहेत. चुन्याचा गिलावा गळून दगड उघडा पडला आहे आणि वेदीच्या जागी गवत वाढलं आहे. जवळच महादेवाचं लहानसं देऊळ, पुढे तुळशीवृंदावन आणि पावसाचं पाणी साठवणारं टाकं. त्या चर्चच्या भिंतीला पाठ टेकून मी बराच वेळ बसलो. इथे तैनातीला आलेल्या शिपायाला दिवसभर काय दिसत असेल, तर हेच: उत्तरेला रेवदंड्याच्या माडांची हिरवी रेघ, पूर्वेला खाडी, पश्चिमेला फक्त समुद्र, आणि दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, कौलारू घरांचं एक गाव.

त्या शिपायांनी आणि त्या गावाने मिळून एक भाषा तयार केली.

चौल आणि मोरूवर आलेले पोर्तुगीज शिपाई बहुतेक एकटे येत. इथल्या ख्रिस्ती झालेल्या बायकांशी त्यांचे संसार झाले. या बायका मराठी बोलणाऱ्या, गरीब, गावकुसाच्या आत किंवा बाहेर खालच्या मानलेल्या जातींतल्या. नवऱ्याची भाषा एक, बायकोची दुसरी. घरात, शेतावर, तटावर दोघांना चालेल असं एक बोलणं घडत गेलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण त्यांना बांधणारा धागा हळूहळू मराठीचा होत गेला. भाषाशास्त्रात अशा मिश्र बोलीला क्रिओल म्हणतात. वसई, दमण, दीव, कोची, कन्नूर, श्रीलंकेतलं बट्टिकलोआ, थेट मलाक्का अशा पोर्तुगीज सत्तेच्या अनेक ठाण्यांवर अशा बोली जन्मल्या. कोर्लईचे लोक आपल्या बोलीला म्हणतात 'नौ लिंग'. अर्थ सरळ आहे: आमची भाषा.

१७४०मध्ये सत्ता बदलली. ज्यांना जाणं शक्य होतं ते पोर्तुगीज आणि त्यांच्यातले मातब्बर निघून गेले. मागे उरले ते हे शेतकरी, शिपायांची लेकरंबाळं. त्यांना ना गोव्यात घर होतं ना पोर्तुगालात. गावाभोवती सगळीकडे मराठी बोलणारे हिंदू आणि मुसलमान. उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र. धर्म वेगळा म्हणून लग्नसंबंध गावातल्या गावात. आणि ख्रिस्ती असले तरी जातीची खूण पुसलेली नव्हती, म्हणून बाहेरच्या वरच्या वर्गातल्या ख्रिस्त्यांशीही सोयरीक अवघड. या सगळ्या भिंतींच्या आत नौ लिंग राहिली. तिला राजाश्रय नव्हता, लिपी नव्हती, शाळा नव्हती. पोर्तुगीज भाषेशी तिचा काय तो संबंध उरला चर्चमधून. प्रार्थनेत आणि प्रवचनात १९६०च्या दशकापर्यंत पोर्तुगीज कानावर पडे. मग तिथेही मराठी आली.

खाडीमुळे ही भाषा वाचली असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण त्या खाडीइतकाच जातीचाही वाटा तिच्यात आहे, हे सांगायला मला जड जातं आणि तरी सांगायला हवं. माणसांना वेगळं ठेवणाऱ्या गोष्टीतून एक सुंदर गोष्ट शिल्लक राहिली, एवढ्याने ते वेगळं ठेवणं चांगलं ठरत नाही.

ही बोली मराठी माणसाने का ऐकावी? कारण तिच्या हाडात मराठी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी अनेक वर्षं कोर्लईत येऊन जाऊन तिचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९९६मध्ये निघालं. ते मी इथे येण्याआधी नेटाने वाचलं होतं आणि त्यातल्या दोन गोष्टींनी मला त्या बसमध्ये बसवलं.

पहिली गोष्ट वाक्याच्या क्रमाची. पोर्तुगीज माणूस 'मी पितो पाणी' या क्रमाने बोलतो, आपण 'मी पाणी पितो' या क्रमाने. नौ लिंग आधी पहिल्या वाटेने जात होती. पिढ्यांमागून पिढ्या मराठीच्या शेजारात राहता राहता तिचं क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटी येऊन बसलं. बहुतेक शब्द लिस्बनचे आणि चाल रायगडची! हा बदल कोणी ठरवून केलेला नाही. बाजारात मासे-भाजी विकताना, बांधावर बोलताना, शाळेत मराठी शिकताना तो होत गेला.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. नौ लिंगमध्ये 'काता' म्हणजे गाणं, 'बेबे' म्हणजे पिणं, 'इर्गी' म्हणजे उठणं. शेवटचा स्वर आ, ए किंवा ई. पोर्तुगीज क्रियापदांचे जे तीन गट आहेत त्यांचाच हा वारसा. पण मराठीतून एखादं क्रियापद घ्यायचं झालं तर? त्यासाठी या लोकांनी चौथा दरवाजा उघडला. मराठी क्रियापद आलं की त्याला उकार लावायचा. 'तेपू' म्हणजे तापवणं. आपलं 'ताप' तिथे जाऊन 'तेपू' झालं आणि घरचं झालं. पाहुण्यासाठी माजघरात एक नवी खोली काढावी तसं हे आहे. व्याकरणात इतकं अगत्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि देणंघेणं एकतर्फी नव्हतं. आपण पाव खातो, चावी फिरवतो, पगार घेतो, बादलीने पाणी भरतो, घमेल्याने रेती वाहतो, सदऱ्याला काज करतो, लिलावात बोली लावतो, गुन्हेगाराला तुरुंगात घालतो. हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. बटाटा, काजू, अननस, पपई आणि कोबी तर नावासकट आले. आसगावात जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३मध्ये आशियाई भाषांत मुरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर एक मोठा ग्रंथच लिहिला. तो चाळताना आपलं स्वयंपाकघर त्यात सापडत जातं. मराठीने पोर्तुगीज शब्द उचलले आणि त्यांना आपले प्रत्यय लावले. कोर्लईने पोर्तुगीज शब्द ठेवले आणि आपली वाक्यं मराठीसारखी वळवली. एकाच खाडीच्या दोन काठांवर एकाच भेटीच्या दोन कहाण्या आहेत.

किल्ल्यावरून उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कोळीवाडा ओलांडून ख्रिस्ती वस्तीकडे वळलो. ही वस्ती माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चभोवती आहे. घरं कोकणातल्या इतर घरांसारखीच: ओटी, पडवी, पुढे अंगण, मागे परसू. अंगणात मात्र तुळशीच्या ऐवजी क्रूस, त्याच्या पायाशी झेंडूची फुलं आणि मेणबत्तीचे डाग. आडनावं रोझारिओ, रोचा अशी. परसात वालाचे वेल पसरलेले होते. थंडीत या सगळ्या पट्ट्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजतात, त्या पोपटीचा मोसम तोंडावर आलेला होता.

एका ओटीवर साठी ओलांडलेल्या एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, चर्च उघडं असेल का?" त्या अस्सल रायगडी मराठीत म्हणाल्या, "फादर बाहेर गेलेत. बसा जरा, उन्हातून आलात." मी बसलो. कुठून आलात, काय करता, मुलंबाळं किती, हे सगळं विचारून झाल्यावर मी भीत भीत माझं येण्याचं कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येतात अधूनमधून लोक. आमचं बोलणं लिहून नेतात. आम्हाला काय, आईने शिकवलं ते बोलतो."

मी विचारलं, मुलं बोलतात का. त्यांनी तांदळातला खडा बाजूला टाकला. शाळा मराठी, टीव्ही हिंदी-मराठी, मुंबईला कामाला गेलेले मुलगे तिकडच्या मुली करून आणतात, त्या सुनांना बोली येत नाही. घरात दोन माणसांत एकालाच येत असेल तर बोलायचं कोणाशी? पण गावातली पोरं आपापसांत बोलतात, हेही त्यांनी सांगितलं. "बाहेरच्याला कळू नये असं काही असलं की लगेच बोलतात," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं.

कोचीजवळच्या वायपीन बेटावर अशीच एक बोली होती. २०१०मध्ये विल्यम रोझारिओ वारले आणि ती अस्खलित बोलणारं तिथे कोणी उरलं नाही. मुंबई-वसई पट्ट्यातलीही गेली. दमण आणि दीवमध्ये अजून आहेत. महाराष्ट्रात ही एकच. मराठीच्या बोलींची मोजदाद करताना तिला आपण मराठीत धरत नाही, पोर्तुगालला ती आपली वाटण्याइतकी जवळची राहिलेली नाही. म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी शेजाऱ्यांवर, आपल्यावर येते, असं मला मनापासून वाटतं. कोर्लईच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाने एखाद्या तासाला मुलांना विचारावं, यातल्या कोणत्या शब्दाला तुमच्या घरी काय म्हणता, आणि ते फळ्यावर लिहावं. एवढं केलं तरी मुलांना आपल्या घरच्या बोलण्याची किंमत कळेल. देवनागरीत नौ लिंग लिहायला काहीच अडचण नाही. तिचे बहुतेक आवाज आपल्या लिपीत बसतात.

मी गावाकडे फार हळवेपणाने पाहत होतो, याची मला जाणीव आहे. पूल झाला म्हणून बोली पातळ झाली हे खरं. पण पूल झाला म्हणून रात्री अडलेली बाळंतीण रेवदंड्याला, अलिबागला पोचू शकते. साळावला स्पंज लोखंडाचा कारखाना आला, तिथे नोकऱ्या मिळाल्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, माड-पोफळी झोपवून गेलं, तेव्हा मदत रस्त्यानेच आली. खाडीने वेगळं ठेवलेल्या माणसांनी तसंच राहावं, असं पाहुण्याने म्हणू नये.

सूर्य समुद्राकडे उतरला तशी ओटीवर सावली आली. समुद्राचा आवाज दिवसभर होताच, आता तो वेगळा ऐकू यायला लागला. मावशी सूप बाजूला ठेवून उठल्या आणि दारातून आत बघत कोणाला तरी काहीतरी म्हणाल्या. वाक्य लांब होतं, भरभर बोललेलं. मला त्यातला एकही शब्द उमगला नाही. फक्त शेवटी, जिथे क्रियापद यायचं तिथे, 'तेपू' असं काहीतरी कानावर पडलं.

आतून एका लहान मुलीच्या आवाजात त्याच बोलीत उत्तर आलं, थोडं कुरकुरत. मग स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळाने साताठ वर्षांची ती मुलगी दोन्ही हातांत बशी धरून, चहा सांडू नये म्हणून जपून पाऊल टाकत बाहेर आली, आणि मला मराठीत म्हणाली, "गरम आहे, सावकाश."